मी गळत नव्हते

हे मी सांगायला नको होतं. रुचितानं माझं बूच आवळताना मला बजावलं होतं, "कोणाले सांगजो नको." पण आळ माझ्यावर आला, म्हणून बोलतेय. मी रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या एका घरातली शेकायची रबरी पिशवी.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्या वर्षी शामरावांनी मला विकत आणलं. शामराव म्हणजे रुचिताचे आजोबा. रेल्वेत डबे दुरुस्त करून निवृत्त झालेले. मी त्यांच्या कंबरेसाठी आले, पण शेजारच्या कांताबाईंचे गुडघेही माझ्याच भरवशावर चालत.

त्याच हिवाळ्यात चौथीतल्या रुचिताची पाठ दुखू लागली. दुखणं एकटीचं होतं. कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. कांताबाई म्हणाल्या, दफ्तर जड आहे. मंत्रालयात लागलेले तिचे बाबा म्हणाले, राजधानीसाठी रस्ते खोदलेत, रिक्षात हादरे बसतात. मग ती चालताना अडखळू लागली.

"पोट्टी नाटक करून राहिली. परीक्षा आली ना जवळ!" शामरावांनी निकाल दिला. एरवी भाजी कोणती करायची यावरही न जुळणाऱ्या घराचं यावर लगेच एकमत झालं. इलाज एकच, मी.

एका सकाळी अंथरूण ओलं निघालं. कोणी विचारायच्या आतच रुचिता म्हणाली, "पिशवी गळली." मी थक्क झाले. पण तिचा चेहरा पाहिला आणि आळ अंगावर घेतला.

माझं वॉशर बदललं. अंथरूण पुन्हा ओलं. मग शामरावांनी मला पाण्यानं भरून अंगणातल्या दोरीवर उलटं टांगलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

"काकाजी, फेका ना ते. नवी घ्या," कांताबाई म्हणाल्या.

"काहून फेकू? रेल्वेत जिंदगी गेली माही. गळती कुठं आहे ते शोधतोच!"

दुपारपर्यंत कागद कोरडा. "एक थेंब नाही!" शामरावांनी विजयाचा चहा मागवला. सगळे मला निरखत होते. पायरीवर बसलेली रुचिता भिंत धरून उठायला पाहत होती आणि तिला उठता येत नव्हतं.

ते फक्त तिच्या आईनं, वनमालानं, पाहिलं. पिशवी कोरडी, मग अंथरूण कशानं ओलं? तिनं मला गरम पाण्यानं भरलं, लेकीला निजवलं आणि पांघरुणाखालून मला तिच्या तळव्याला टेकवलं.

"गरम लागते का, बाई?"

"ठेवली का, आई?"

वनमालानं मला झटकन बाजूला घेतलं. एवढ्या उष्णतेनं शामराव ओरडले असते.

"मले समजतच नाही वं, कधी होते ते," रुचिता रडू लागली. "सगळे हसतीन म्हणून पिशवीचं नाव घेतलं."

वनमालानं मग कोणालाच विचारलं नाही. सरळ रिक्षा बोलावली.

मोठ्या दवाखान्यात कळलं, पाठीच्या कण्याशी कॅन्सरची गाठ होती आणि ती आतल्या मज्जारज्जूला दाबत होती. तातडीनं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "और देर करते तो पैर नहीं बचते. अभी भी पक्का नहीं कह सकता."

भेटायला येणारा प्रत्येकजण सांगू लागला, "मले तर पहिलेच डाउट होता." दफ्तराची आणि रस्त्यांची माफी मात्र कोणी मागितली नाही. शामराव पाहुण्यांना माझ्या तपासणीची हकीकत ऐकवायचे, पण नातीजवळ गेले की तिचं पांघरूणच नीट करत बसायचे.

आता ती घरी आहे. औषधांनी केस गेलेत. तिच्या पायांना भाजलेलं कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी मला तिथं जायला बंदी केली आहे. मी खिळ्याला लटकून असते. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरचं मूल पाठ दुखते म्हणालं, अडखळलं, अंथरूण ओलं करू लागलं, तर पिशवी नंतर तपासा.

रोज सकाळी वनमाला तिच्या तळव्यांवरून बोट फिरवते. डावा पाय आता झटकन मागे जातो. उजवा मात्र अजून…

"आई! उजव्या पायाले थंडी वाजून राहिली वं! पिशवी आण ना!"