मीठवाटेची तिसरी लढाई

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. असा एक ग्रह डोळ्यांसमोर आणा, जिथला समुद्र हजार वर्षांपूर्वी आटला. मागे उरलं ते नुसतं मीठ. पांढरं, कडक, नजर पोचेल तिथवर मीठच. त्यावर चाकं रुततात, म्हणून तिथल्या युद्धगाड्या जमिनीपासून वीतभर वर तरंगतात. त्यातल्या एका गाडीत तुम्ही बसला आहात. गाडी वळवली की ती लगेच वळत नाही. ओल्या फरशीवर पाय घसरावा तशी आधी थोडी घसरते आणि मग वळते. समोर खारट धुकं. धुक्यात कुठेतरी शत्रूच्या गाड्या आहेत, पण दिसत एकही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात रडारची एक गोल तबकडी आहे. शत्रू असेल त्या बाजूला तिच्यावर तांबडा ठिपका उमटतो. ठिपका उमटला. तुम्ही झटकन वळलात. आणि तेवढ्यात गोळा थेट बरगडीत बसला.

पुन्हा सुरू करा. पुन्हा गोळा बसेल. दहा वेळा, वीस वेळा करून बघा. आता तुम्हाला कसं वाटतंय? तैमाला अगदी तसंच वाटत होतं.

तैमा अकरा वर्षांची. राहायला अम्मानमध्ये, लुवैब्देच्या टेकडीवर. आई इस्पितळात कामाला, म्हणून शाळा सुटली की ती तडक रुदैना आत्याकडे जायची. या रुदैना आत्याने हा खेळ बनवला होता. त्याचं नाव 'मीठवाट'. चार वर्षं ती आणि तिचा जोडीदार निदाल, दोघं त्या तीन खोल्यांच्या घरात पडद्यांसमोर बसून होती. निदाल आवाजाचं काम बघायचा. आत्या तैमाला हाक मारताना 'आत्या'च म्हणायची. आमच्याकडे तशी रीतच आहे, मोठी माणसं आपलंच नातं लेकराला परत देतात. त्यामुळे त्या घरात "आत्या" अशी हाक आली की दोघी मिळून ओ द्यायच्या आणि निदाल हसायचा.

खेळात चांगलं काय होतं ते आधी सांगतो. ते घसरत वळणं एकदा हाताला जमलं की सोडवत नसे. मिठाचा आवाज तर असा, की निदालने मृत समुद्राच्या काठी जाऊन, मिठाच्या पापुद्र्यावर अनवाणी चालून तो भरून आणला होता. तळपाय फाटले म्हणून आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खेळ आपल्या भाषेत, अरबीत होता. शत्रू पाठीला लागला की गाडीचा चालक अम्मानच्या टॅक्सीवाल्यासारखा करवादायचा, "अरे बाबा, रस्ता काय तुझ्या आजोबांनी लिहून दिलाय?" मुलं हे ऐकून लोळायची. अवकाशातल्या लढाईत आपल्या गल्लीतला माणूस बोलतोय, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

उणं काय होतं? तोफ भरायला वेळ लागायचा. दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे रंग सारखेच वाटायचे. आणि प्रत्येक लढाईआधी म्हातारा सेनापती भाषण करायचा, ते मधेच तोडता यायचं नाही. सेनापतीचा आवाज निदालचा होता, त्यामुळे ते तोडता येऊ नये यावर तो अडून बसला होता. तैमा त्याला म्हणाली होती की तुमचा सेनापती शत्रूला बोलून बोलूनच मारेल. असल्या उणिवा हसत सांगता येतात, सगळ्यांनी सांगितल्याही.

तिसऱ्या लढाईबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

खेळ पारखायला म्हणून आत्याने तो एकशेवीस जणांना दिला होता. कोण कुठपर्यंत पोचलं हे तिला तिच्या संगणकावर दिसायचं. एकूण एक माणूस तिसऱ्या लढाईत थांबला होता, आणि थांबला तो पुन्हा खेळ उघडायलाच आला नव्हता. आत्याने एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला विनवलं, चांगलं नका सांगू, वाईट काय ते सांगा. तिकडून प्रत्येकाचं एकच, तुझे हात सलामत राहोत, काय सुंदर काम केलंस. मग पुढे का खेळला नाहीत? तर पाहुणे आले, परीक्षा आली, डोळे दुखत होते. आता बघा, एखादी बाई चार वर्षांचं काम पुढे ठेवून आशेने विचारते आहे; तिला तोंडावर वाईट सांगेल असं तोंड आमच्यात कुणाला असतं? त्यातून प्रत्येकाला मनातून वाटत होतं की चूक खेळाची नाही, माझाच हात मंद आहे. ते कोण कबूल करणार?

तैमानेही केलं नव्हतं. उलट तिने त्याहून वाईट केलं. दोन महिन्यांपूर्वी आत्याने विचारलं, "आत्या, संपला का गं खेळ?" आणि हिच्या तोंडून "हो" निघून गेलं. शेवट कसा वाटला, तर म्हणे समुद्राचं पाणी परत येतं ते फार आवडलं. शेवट तिला ठाऊकच होता. ती लहान असताना आत्याने तो गोष्ट म्हणून सांगितला होता. आत्याने तिला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून तैमा रोज एकदा तरी खरं सांगायचं ठरवायची आणि रोज राहून जायचं.

साठवलेले पैसे संपले. रियाधमधल्या एका बँकेतून आत्याला नोकरीचं पत्र आलं, तिथल्या संगणकांवरच्या पडद्यांची रचना करायची. गुरुवारी सही करून पाठवायचं होतं. ती गेली की हे घर बंद, मीठवाट बंद, शाळा सुटल्यावर जायची जागाच बंद. त्याआधी एकच आशा उरली होती. अबू रकान नावाचे एक गृहस्थ खेळ विकत घेऊन जगभर पोचवणाऱ्या कंपनीत होते. मंगळवारी ते दुपारचा एक तास अम्मानमध्ये होते आणि यायला कबूल झाले होते. फोनवर आत्या त्यांना अभिमानाने म्हणाली, माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने खेळ संपवलाय. ते म्हणाले, मग तिलाच खेळताना बघू.

रविवारी तैमाला हे कळलं. रविवारी ती बावीस वेळा हरली, सोमवारी एकोणतीस वेळा. अंगठ्याला फोड आला. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. आईने कपाळाला हात लावून पाहिला. सोमवारी संध्याकाळी ती आत्याच्या दारापर्यंत सांगायला म्हणून गेली. आतून निदालचा आवाज आला, "ती आहे म्हणून, नाहीतर आपल्याकडे दाखवायला आहे काय?" आणि ती तशीच पायऱ्या उतरून घरी आली.

मंगळवारी अबू रकान आले. थोराड, मृदू बोलणारा माणूस. आत्याने वेलदोड्याची कडू कॉफी ओतली. तैमाच्या हातात कंट्रोलर आला. पहिली लढाई तिने अशी जिंकली की पाहुण्यांनी पेला खाली ठेवला. दुसऱ्या लढाईत चालक करवादला, तेव्हा ते मोठ्याने हसले, पुढे सरकून बसले आणि मिठाच्या आवाजाबद्दल निदालला दोन प्रश्न विचारले. निदालने पाय वर करून तळवा दाखवायची तयारीही केली होती. आत्याचा चेहरा तैमाने कित्येक महिन्यांत इतका उजळलेला पाहिला नव्हता.

मग धुकं आलं. एक गोळा, दुसरा, गाडी फुटली. होतं असं, निदाल म्हणाला. पुन्हा फुटली. पाहुणे बघताहेत म्हणून गोंधळली असेल, आत्या म्हणाली. तिसऱ्यांदा गाडी फुटली तेव्हा अबू रकान मागे सरकून बसले. चौथ्यांदा तैमाला पडदा नीट दिसेना, डोळे भरले होते. हात मात्र चालत राहिले, कारण हात थांबले तर काय होईल हे तिला माहीत होतं.

आत्या पुन्हा कॉफी ओतायला वाकली. अबू रकानांनी रिकामा पेला दोन बोटांत धरून हलवला, म्हणजे आता पुरे. ते उठले. "फार सुंदर काम," ते म्हणाले. "तुमचे हात सलामत राहोत."

तेच वाक्य. एकशेवीस जणांचं. तैमाला त्या क्षणी कळलं की हे वाक्य म्हणजे लागणारं दार आहे, आणि तिने स्वतः ते दोन महिने आत्याच्या तोंडावर लावून घेतलं होतं.

"काका," ती म्हणाली, "मी हा खेळ कधीच संपवलेला नाही. मी खोटं बोलले."

आत्याच्या हातातली किटली तशीच राहिली. अबू रकानांचा हात कडीवर होता, तो तिथेच थांबला.

"शेवट तर सांगितलास मला," आत्या हळूच म्हणाली.

"तूच सांगितला होतास तो, गोष्टीत. मी तिसरी लढाई एकदाही जिंकले नाही, आत्या. माझं डावं-उजवं चुकतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या लढाईपासून."

निदालला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. आत्या मात्र हसली नाही. तिने किटली खाली ठेवली आणि तैमाच्या समोर जमिनीवर बसली.

"सायकलवर चुकतं?"

"नाही."

"शाळेत कवायतीला?"

"नाही. इथेच फक्त. ठिपका इकडे दिसतो, मी इकडे वळते आणि गोळा तिकडून येतो. मी किती लवकर वळले तरी."

आत्याने तिच्या हातातून कंट्रोलर घेतला. ही लढाई ती झोपेतही जिंकली असती. पण हेही खरं, की कामासाठी ती रोज खेळ उघडायची तो इंग्रजीत. अरबीतल्या खेळात ती धुक्यात कधी शिरलीच नव्हती. शिरली आणि पाऊण मिनिटात तिची गाडी फुटली.

 मग निदाल खुर्चीत मागे रेलला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपण उजवीकडून डावीकडे वाचतो. म्हणून अरबीत खेळ करताना पडद्यावरचं सगळं त्यांनी उलट बाजूला फिरवलं होतं. याद्या, बाण, इंधनाची पट्टी, सगळं. तसंच करायचं असतं. त्या भरात रडारची तबकडीही आरशात धरल्यासारखी फिरली. ठिपका डावीकडे आणि शत्रू उजवीकडे. पहिल्या दोन लढायांत डोळ्यांना सगळं दिसायचं, तबकडी कोण बघतंय. आपल्या भाषेत दिलं म्हणून ज्या खेळाचं एवढं कौतुक झालं, त्या भाषेतच तो कुणाला जिंकता येत नव्हता.

आत्या नुसती पडद्याकडे बघत बसली. एकशेवीस जण, ती पुटपुटली, एकानेही म्हटलं नाही.

दुरुस्तीला किती वेळ लागेल, अबू रकानांनी विचारलं. निदाल आधी दोन तास म्हणाला, मग दोन दिवस म्हणाला. त्यांनी घड्याळ पाहिलं. खाली गाडी उभी होती, विमान थांबणार नव्हतं. ते मऊपणानेच बोलले. ते म्हणाले, "बेटी, खरं बोललीस, चांगलं केलंस. पण रुदैनाबाई, लोक याच एका चुकीमुळे थांबले, हे कशावरून? कदाचित लढाईच वाईट असेल. पुढे गेलेला एकही माणूस तुमच्यापाशी नाही."

आत्याने निदालकडे पाहिलं.   अबू रकानांनी कडी काढली. जिन्यातला गारवा आत आला.

तैमा उठली नाही. रडलीही नाही, तेवढा वेळच नव्हता. तिने जमिनीवरचा कंट्रोलर उचलला, खेळाच्या पहिल्या पानावर गेली आणि भाषांची यादी उघडली. इंग्रजीत तबकडी उलटी फिरवलेली नव्हती, पण ती भाषा तिला धड वाचता येत नव्हती. यादीतली दुसरी ओळ एवढंच तिला माहीत होतं. तिने ती निवडली. पडद्यावरचं सगळं या बाजूचं त्या बाजूला गेलं. शब्द अनोळखी झाले. तबकडी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. अंगठ्यावरचा फोड फुटला होता, तो तिने फ्रॉकला पुसला.

"काका, एकदाच," ती मागे न बघता म्हणाली. "जिंकेन असं नाही म्हणत. फक्त बघा."

दारापाशी बूट थांबले की निघाले, ते तिने ऐकलं नाही. धुकं आलं. तांबडा ठिपका डावीकडे उमटला. बावीस आणि एकोणतीस वेळा ठिपक्याने फसवलेले तिचे हात आता त्याच्यावर विश्वास ठेवेनात, ते उलट उजवीकडे पळू बघत होते. तैमाने ते आवरले, दात दाबून धरले आणि गाडी डावीकडे वळवली.