तीन दिवसांचा वाफसा

तिने ट्रॅक्टरच्या फिल्टरची वाटी सोडवली तसं डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. वाटीच्या तळाशी ना कचरा होता, ना पाणी. तिने ती उजेडाकडे धरून फिरवून पाहिली आणि ओठ आवळून पुन्हा बसवायला घेतली.

"काय मिळालं?" शेडच्या सावलीतून आबांनी विचारलं.

"काही नाही."

"कालही हेच मिळालं होतं."

आबा तिचे वडील. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, उलट तिला धारच चढली. रोज सकाळी ती त्यांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवी, दाढी करी, शेडपर्यंत ढकलत आणी. लग्नानंतर चार वर्षांनी ती सासर सोडून कायमची घरी आली, तेव्हापासून आबा तिला 'टपाल' म्हणत. पत्ता चुकून परत आलेलं. आधी पाहुण्यांसमोर गंमत म्हणून, मग उठता-बसता. आता तिची चाळिशी उलटली होती आणि त्या नावाला ती मुकाट्याने ओ देत होती.

ट्रॅक्टर आबांच्या उमेदीच्या काळातला. रिकामा असला की दिवसभर धडधडत राही. नांगराचा फाळ जमिनीत उतरला की मात्र दहा मिनिटं ओढायचा, मग त्याचा आवाज बसायचा, दोन आचके द्यायचा आणि बंद. पाव तास तसाच सोडला की पहिल्या झटक्याला चालू. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा तेच.

सोमवारी जमिनीला वाफसा आला होता. ढेकूळ मुठीत दाबलं की भुसभुशीत फुटावं, इतकी नेमकी ओल. ती टिकते जेमतेम तीन-चार दिवस, मग माती पायाला टोचायला लागते. त्याच सकाळी आबांनी जाहीर करून टाकलं होतं.

"या वाफशात नांगरट झाली तर शेत तू बघ. नाहीतर ट्रॅक्टर आणि जमीन दोन्ही पुतण्याच्या हवाली. तू आपली भांडी घास."

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नवे फिल्टर घातले. पाइपातली हवा काढली. एअर क्लीनर धुतला. टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवून पाहिलं. सोमवारी संध्याकाळी टाकीखालचा पाइप सोडून डिझेलची धारही तपासली. तेव्हा आबा खुर्चीतून पुढे वाकून पाहत होते.

"बघ, कशी सुरेख धार आहे," ते म्हणाले होते. "डिझेल पोचतंय. टाकीत काही नाही. दोष पंपात आहे."

तीस वर्षं हे यंत्र हाताळलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने पाइप लावून टाकला. मंगळवारी अर्धा दिवस खपून पंप उतरवला, पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन गावातल्या मिस्त्रीकडे तपासायला टाकून आली. नट सोडवताना पाना निसटला आणि बोटाची साल निघाली. आबांनी ते पाहिलं आणि चहा मागितला.

आज बुधवार. नऊच्या सुमारास मिस्त्री स्वतःच पंप घेऊन आला. तो आबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान असलेला माणूस.

"पंप ठणठणीत आहे, ताई," तो म्हणाला. "उगाच काढलात."

पंप जागेवर बसवायला त्याने हात लावला. शेवटचा नट आवळून होईपर्यंत तो कसंबसं हसू आवरत होता. मग त्याने आबांकडे पाहिलं.

"सांगू का आता?"

"सांग," आबा म्हणाले. "तिच्याच्यानं काही होत नाही."

"टाकीच्या तोटीला आतून एक जाळी आहे, ताई. आबांनीच बसवली होती, मी तेव्हा इथंच कामाला होतो. रिकाम्या गाडीला थोडं डिझेल पुरतं. लोड आला की ओढ वाढते, तळाचा गाळ जाळीला येऊन चिकटतो. बंद पडली की गाळ सुटून खाली बसतो."

"धार चांगली होती," ती म्हणाली.

"पहिलं मिनिटभर चांगलीच असते. अजून थोडं थांबला असता तर बारीक झालेली दिसली असती."

ती आबांकडे वळली. आबा छपराकडे बघत होते. तोंडाची डावी बाजू तेवढी हसत होती.

"सोमवारीच फोन आला होता मला," मिस्त्री म्हणाला. "म्हणाले, सांगू नकोस, टपाल कुठवर जातंय बघू. दुकानात सगळे रोज विचारतात, आज काय उघडलं म्हणून." मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. "गंमत हो. तुम्ही मनावर घेऊ नका."

तिने चिंधीला हात पुसले. एकेक बोट सावकाश पुसलं.

"तोटीला कितीचा पाना लागतो?"

टाकी रिकामी करून तोटी काढायला वीस मिनिटं लागली. करंगळीएवढी जाळी, तिच्यावर काळ्या सायीसारखा थर. तिने ती डिझेलमध्ये बुडवून जुन्या दातांच्या ब्रशने घासली, टाकीचा तळ धुतला, सगळं जागच्या जागी लावलं. मिस्त्री केव्हा निघून गेला तिच्या लक्षातही आलं नाही.

"मला बांधावर घेऊन चल," आबा म्हणाले. "बघतो कशी नांगरतेस."

तिने त्यांना ढकलत वरच्या शेताच्या बांधावर नेलं, झाडाच्या सावलीत खुर्ची लावली, चाकं अडकवली. पाण्याची बाटली खुर्चीच्या मागच्या पिशवीत होती. मग ती ट्रॅक्टर घेऊन आली आणि फाळ टाकला.

माती कडक व्हायला लागली होती. सोमवारी लोण्यासारखी कापली गेली असती, आज हातहातभर ढेपा निघत होत्या. पण ट्रॅक्टर ओढत होता. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आवाज बसला नाही.

बाराच्या पुढे सावली खुर्चीवरून सरकली. बांधाशी वळताना तिला दिसलं, आबा डावा हात हलवत होते. त्यांचं तोंडही हलत होतं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तिने ट्रॅक्टर वळवला आणि नांगराचं पुढचं तास धरलं.

दुसऱ्या वळणालाही हात वर होता. तिसऱ्या वेळी तो मागच्या पिशवीकडे जायची धडपड करत होता. नंतर तो मांडीवर पडलेला दिसला. तिने दर वळणाला नीट पाहिलं. एकदाही नजर चुकवली नाही, आणि एकदाही गियर काढला नाही.

शेत पुरं झालं तेव्हा उन्हं कलली होती. इंजिन बंद करून ती बांधावर गेली. आबांचा चेहरा तांबडालाल झाला होता, ओठांना पांढरी पापडी आली होती. तिने बाटली काढून त्यांच्या तोंडाला लावली. ते घटाघट प्यायले. अर्धं पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं, ते तिने पदराने टिपलं.

ढेपा मोठ्या निघाल्या म्हणून ते टोचून बोलले नाहीत, तासं वाकडी आली म्हणूनही नाही. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी तिला नावाने हाक मारली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या मी घरीच थांबतो," ते म्हणाले.

"एकटे कसे थांबाल?" तिने चाकं सोडवली, त्यांचा लुळा पाय उचलून खुर्चीच्या पाटीवर नीट ठेवला. "उद्या खालचं शेत धरायचंय. पहाटेच उठवते."

आबांनी खाली पाहिलं. खालच्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झाड नव्हतं.