चुन्याच्या रेघेवरची गाडी

रविवारी दुपारी यादय्या मिस्त्री येणार होता आणि काचीगुड्याच्या त्या घरातल्या मोठ्या खोलीचे दोन तुकडे होणार होते. आदल्या दिवशीच तो कोपऱ्यात विटा रचून, जमिनीवर चुन्याची जाड रेघ मारून गेला होता. रेघेच्या डाव्या हाताला थोरला लक्ष्मणराव, उजव्या हाताला धाकटा प्रतापराव. आणि भांडण कशावरून? तर बोअरची मोटर रात्रभर चालू कुणी ठेवली आणि ती जळाली कुणामुळं! घ्या! एवढ्याशा मोटरीपायी सख्ख्या भावांनी महिनाभर अबोला धरला होता.

लक्ष्मणरावाची बायको भामा मात्र कासावीस झाली होती. तिला भिंत नको होती. साफ नको होती. प्रतापरावाची बायको पद्मावती नात्यानं जाऊ, पण भाजी निवडता निवडता दोघींनी अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढलेली. उद्यापासून मेथी निवडताना बोलायचं कुणाशी, भिंतीशी? पण तिचं ऐकतो कोण!

त्यात भांडणाआधी भावांनी मिळून कोठीच्या बाजारातल्या दुकानात सांगून ठेवलेलं होम थिएटर नेमकं त्याच रविवारी सकाळी घरात आलं. त्या दिवसांत परदेशी मालाला दारं उघडली होती, दर आठवड्याला बाजारात काहीतरी नवीन दिसायचं. पण असलं ध्यान त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. एक यंत्र आणि त्याला सहा स्पीकरचे डबे. पाच लहान, एक धिप्पाड.

"वाटणी!" दोघे भाऊ एकदम ओरडले. एकमेकांकडं न बघता, बरं का.

सासरे आबासाहेब न्याय करायला बसले. या घरात आंबा जरी आला तरी समान चिरायचा, हा त्यांचा दंडक. "डबे सहा. तीन थोरल्याला, तीन धाकट्याला. टीव्ही आणि यंत्र माझं, ते रेघेच्या टोकाला राहील." कुठला डबा कुठं ठेवायचा याचं चित्र खोक्यात होतं. ते कुणी उघडून बघितलं असेल तर शपथ! वाटणीपुढं चित्र काय चाटायचंय?

बोलण्याचा आवाज ज्यातून यायचा तो डबा लक्ष्मणरावाला गेला, धिप्पाड प्रतापरावाला. ज्यानं त्यानं आपले तिन्ही डबे आपल्याच खुर्चीभोवती मांडले आणि दुकानदारानं दिलेली गाड्यांच्या पाठलागाची डीव्हीडी लागली. झालं! लक्ष्मणरावाच्या कानाशी माणसं वचावचा बोलायला लागली, पण पडद्यावर बंदूक उडाली तरी यांच्याकडं फुसकी. तिकडं प्रतापरावाकडं धडाम धडाम, खिडकीच्या काचा थरथरतायत, पण कोण मेलं नि कशापायी मेलं, त्याला एक अक्षर कळेना.

"भामा, सांग त्याला! माझी माणसं बोलतायत, जरा दम धर म्हणावं!"

"पद्मा, त्यांना सांग! आधी ती तोंडाळ माणसं आवरा म्हणावं!"

हातभर अंतर, आणि निरोप बायकांकरवी! भामा चहाचा ट्रे घेऊन मधून चालली होती. तिचा पाय रेघेवर पडला आणि डाव्या कानातून एक गाडी सुसाट आली, डोक्यावरून गेली आणि उजव्या कानातून पार झाली.

"अगं आई गं!" भामा खाली वाकली. अर्धा चहा बशीत. तिनं मागं वळून बघितलं. गाडी कुठली, नुसती मोरी! मग तिला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. "पद्मा, धाव! इथं डोक्यावरून गाडी जातीये!"

पद्मावती धावली, किंचाळली आणि जावेच्या गळ्यातच पडली. "अक्का, माझ्या वेणीवरून गेली ओ!" आबासाहेब काठी टेकत आले, सिनेमातलं हेलिकॉप्टर ऐकून छताकडं बघत म्हणाले, "अरे, उतरतंय की काय इथं?"

भामानं एक पाऊल डावीकडं टाकलं, गाडी गायब. एक पाऊल उजवीकडं, गायब. परत रेघेवर आली, आणि गाडी हजर. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "तुम्ही दोघं येऊ नका हं," ती मोठ्यानं म्हणाली. "ही मजा तुमच्या कुणाच्याच हिश्श्यात नाही!"

असं म्हटल्यावर कोण थांबतो? आधी लक्ष्मणराव आला, मग घसा खाकरत प्रतापराव. लक्ष्मणरावानं मान तिरपी करून ऐकलं आणि बोलून गेला, "प्रताप, तुझा तो डबा जरा मागं घे की."

महिन्यातला पहिला शब्द! जावांनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

"घेतो, दादा. तुमचा बोलका डबा टीव्हीखाली सरकवा."

भामाला रडूच येत होतं. पण रडायला सवड कुणाला? तिनं पदर खोचला आणि यादय्याच्या विटा ओढून एकेका डब्याखाली रचायला घेतल्या. डबे कानाच्या उंचीला आले आणि पाचही जण रेघेवर खेटून बसले, आबासाहेबसुद्धा. गाडी आली की पाची माना डावीकडून उजवीकडं, आणि पुन्हा लावा, पुन्हा लावा!

दुपारी यादय्या थापी घेऊन दारात उभा, आपल्या दखनी हिंदीत विचारत, "साब, मेरी ईंटां कां गये? और वो लाइन? चुन्ने की पक्की मारा था मैं!"

दोघे भाऊ उठून जमिनीवर रेघ शोधायला लागले, आणि त्यांची पाठ वळताच पद्मावती फिस्सकन हसली. लक्ष्मणरावाच्या पँटीला मागं पांढरा पट्टा. प्रतापरावाच्याही. आबासाहेबांच्या धोतरावर तेवढं दिसत नव्हतं, इतकंच.

"वो देखो, यादय्या," भामा डोळे पुसत म्हणाली, "तुम्हारी लाइन उधर बैठी है."

यादय्या डोकं खाजवत म्हणाला, "तो फिर दीवार?"

लक्ष्मणरावानं धाकट्याकडं बघितलं. प्रतापराव जमिनीवर बसला, आपल्या आणि थोरल्याच्या मधली जागा हातानं झाडली आणि मिस्त्रीला तिथं ओढून बसवत म्हणाला, "दीवार डाले तो गाडी कां से जाती, मियाँ?"