तपासणी बाकी

गोळ्यांच्या वेळा सांगणाऱ्या त्या ॲपमध्ये एकूण दोन हजार तीनशे वाक्यं होती आणि त्यातली अकरा चार महिन्यांपासून पिवळी होती. पिवळी म्हणजे तपासणी बाकी. भाषांतरकाराने आपलं काम केलंय, आता तपासणारीने मंजुरी दिली की वाक्य लोकांच्या फोनवर जाणार, एवढाच मामला. तपासणारी ती होती. भाषांतरकार तिचे बाबा होते, आणि ते चार महिन्यांपूर्वी गेले.

बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर घरात बसून सगळ्यांना वात आणू लागले, तेव्हा तिने त्यांना हे काम मिळवून दिलं. बटणावर सहा अक्षरं मावत असतील तर हे गृहस्थ सोळा लिहिणार, आणि वर बाजूच्या टिपेच्या चौकटीत तिच्याशी भांडणार. ‘कापू नकोस. समोरचा माणूस आजारी आहे, त्याच्याशी नीट बोलावं.’ ती कापायचीच. मग जेवताना ते गाल फुगवून बसत आणि तिच्यापुढचं मीठ आईकडे मागत.

मंजुरी दिली की टीप पुसली जाते, ही तिथली रीत. सात वर्षांत त्यांच्या कितीतरी टिपा तिने अशा बिनदिक्कत पुसल्या होत्या. या अकरा तिने उघडल्याही नव्हत्या. आधी उतरवून ठेवता आल्या असत्या, पण उतरवायच्या म्हणजे वाचायच्या, आणि वाचल्या की बाबांचं नवं बोलणं संपलं.

रडू काही आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! तिला काही वाटतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती. मॅनेजरने अकरा वाक्यांबद्दल दोनदा विचारलं, तिने दोनदा ‘बघते’ म्हटलं.

मग एका दुपारी आईचा फोन आला.

“अगं, तुमच्या त्या गोळ्यांच्या ॲपवर दोन्ही बटणं इंग्रजीत येतात. वाजायला लागलं की हाताला लागेल ते दाबते आणि गप्प करते.”

“आणि गोळी?”

“कधी घेते, कधी राहते. हे होते तेव्हा तेच बघायचे ना सगळं.”

मंजुरी नसलेलं वाक्य फोनवर इंग्रजीतच राहतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि आईच्या फोनवर ते ॲप तिनेच आपल्या हातांनी घालून दिलं होतं. बाबांच्या टिपा जपायच्या नादात आपण आईच्या गोळ्या चुकवल्या, हे तिला लख्ख कळलं. कळलं फक्त. वाटलं तरीही काही नाही.

तिने पहिलं वाक्य उघडलं. टीप होती, ‘इथे स्वल्पविराम राहू दे.’ मंजूर. दुसरी, ‘इंग्रजी लिहिणाऱ्याला झोप आली असावी.’ मंजूर. दहा टिपा अशाच कामाच्या निघाल्या, आणि वाचून होताच एकेक गेली.

अकरावं वाक्य म्हणजे आजची गोळी न घेण्याचं बटण. तिने ‘वगळा’ लिहून मोकळं व्हावं असं. बाबांनी लिहिलं होतं, ‘आजचा दिवस राहू द्या’. शेजारी टीप होती, ‘लांब झालंय, माहीत आहे. तू कापशीलच. या वेळी भांडत नाही, दमलोय.’

ती उठून डिझायनरच्या टेबलापाशी गेली.

“हे बटण मोठं करून दे.”

“एका भाषेसाठी?” तो हसला. “सात वर्षं तूच सांगत आलीस, आमची भाषा कशातही मावते म्हणून.”

“नाही मावत.”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बटण दोन ओळींचं केलं. परत येऊन तिने मंजुरी दिली. टीप गेली.

दोन दिवसांनी सकाळी गोळीच्या वेळेला आईचा फोन वाजू लागला, तेव्हा लेक शेजारीच होती. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “‘घेतली’. आणि खाली, ‘आजचा दिवस राहू द्या’.” ती थांबली. “हे तुझं नव्हे.”

“नाही.”

“मी गोळीला नको म्हटलं की यांचं हेच. बरं, आजचा दिवस राहू दे. आणि दहा मिनिटांनी पाणी घेऊन दत्त म्हणून उभे!”

आईने मुद्दाम तेच बटण दाबलं आणि फोन उपडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

लेक घड्याळाकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिली. दहा मिनिटं झाल्यावर ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आईसमोर आली.

“अगं, सांडतंय,” आई म्हणाली आणि तिने पेल्यासकट लेकीचा हात धरला. गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ते तिला जाणवलं.