लालीबाईच्या चटणीची बरणी

आधी हात पुसून घ्या, मग मला उचला. मी काचेची बरणी बोलतेय, आणि सांगते ते खोटं वाटलं तर घाटंजीच्या बाजारात कुणालाही विचारा.

कारखान्यातून निघून, पुठ्ठ्याच्या खोक्यात बहिणींना खेटून मी या बंजारा तांड्यावर आले ती संगीतामुळे. तिची सासू लालीबाई जवसाची चटणी खलबत्त्यात कुटते आणि आठवडी बाजारात परातीतून, कागदात बांधून विकते. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई.

"याडी, हेच काचेत भरलं, वर लेबल लावलं, तं तिप्पट भाव येते."

"चटणी तं तेच हाय ना? मंग लोक काच खातेत काय?"

पण सुनेपुढे तिचं चाललं नाही. माझ्या अंगावर लेबल आलं: नथ घातलेली, गोरीपान, हसरी बाई आणि खाली 'आजीच्या हातची'. काय सांगू, मी इतकी फुगले! लालीबाईनं मात्र लेबल डोळ्यांजवळ नेलं. "हे कोन बाई? इनं कुटली काय चटणी?"

यवतमाळचे दुकानदार अब्रारभाई बरण्या पाहायला येणार होते. संगीताची ही पहिलीच ऑर्डर. हुकली तर घरातले पुन्हा परातच धरायला लावणार, म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला. आम्हाला सील लावून तिनं ओळीत बसवलं आणि ती आंघोळीला गेली.

तेवढ्यात लालीबाई आली. बाजारात मापावर वरून मूठभर टाकल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला सोडत नाही. आमचे गळे रिकामे पाहून तिला लाजच वाटली. "अवं माय, इतका पैसा घ्याचा अन् भांडं अपुरं?" तिनं पटापट सगळी सीलं फोडली आणि आम्हाला शिगोशीग भरलं. झाकणं बसेनात. तिच्या तेलकट बोटांनी गोऱ्या बाईचं नाक, नथ सगळं काळवंडलं.

संगीता बाहेर आली आणि ओल्या केसांनीच आमच्याकडे धावली. "याडी, काय करून ठेवलं हे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि अब्रारभाई दारातच उभे! "सील तुटलेला माल मी नाई घेत, बहन," म्हणत त्यांनी सहज माझ्यातली चिमूट जिभेवर ठेवली. मग आणखी एक. मग भाकर मागितली. खाता खाता त्यांची नजर लेबलवर गेली. "हे बाई कोन? चटणी तं या अम्मांची हाय. अम्मांचाच फोटो लावा, नवीन भरून सील करा, सगळा माल माझा."

फोटो काढताना संगीता विनवत होती, "याडी, थोडं हास ना."

"कायले हासू? चटणी तिखट हाय."

आता मी अब्रारभाईंच्या दुकानात दर्शनी कपाटात असते. भाव ऐकून लोक भुवया उंचावतात, पण घेतात. मला न्याल तेव्हा एवढं करा, रिकामी झाल्यावर फेकू नका, लोणच्याला कामी येईन. आणि भाव कमी करा म्हणायचं असेल, तर आधी लेबलवरच्या लालीबाईच्या डोळ्यांत पाहून म्हणा. अजून तरी कुणाची हिंमत झालेली नाही.