पिंजऱ्यावरची चादर

"मलम द्या एखादं, भारीतलं," म्हणत गृहस्थाने पिंजरा टेबलावर आदळला.

आतला पोपट मानेपर्यंत हिरवागार आणि खाली सोललेल्या कोंबडीसारखा उघडा. डोक्यावरची पिसं तेवढी शाबूत, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही.

जनावरांच्या या दवाखान्यात कंपाउंडरची अठ्ठावीस वर्षं गेली होती. असली माणसं त्याने कोळून प्यायली होती. कुत्रा चावला की कुत्रा वाईट, मांजर पळाली की मांजर बेइमान. स्वतः मात्र सगळे देवमाणूस!

"डॉक्टरांनी तपासलंय ना? किडा नाही, खरूज नाही. स्वतःच उपटतोय तो. मलम कुठे लावू?"

"मग उपटतो कशाला? काजू-बदाम खातो. माझ्यापेक्षा मजेत आहे लेकाचा."

"ही चादर कशाला बांधलीय पिंजऱ्याला?"

"पाहुणे आले की खाली सोडतो. हल्ली दिवसभर सोडलेलीच असते. बोलतो हो फार."

"काय बोलतो?"

गृहस्थ भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. उत्तर पोपटानेच दिलं. बाईच्या आवाजात किंचाळला, "हळू बोला, लोक ऐकतात!" आणि लगेच भरड्या आवाजात, "ऐकू दे! घर माझंय!" पाठोपाठ दार आपटल्याचा आवाज, हुबेहूब.

"टीव्हीवरून शिकलाय," गृहस्थ म्हणाला.

"टीव्हीला तुमचाच आवाज बरा मिळाला. चादर काढा आणि घरातली भांडणं थांबवा. दुसरं औषध नाही."

"अक्कल शिकवू नका. आधी तुमच्या त्या भुवईला लावा काहीतरी."

कंपाउंडरची उजवी भुवई अर्धी गेलेली होती. बायकोने तीन डॉक्टर केले, तेल झालं, गोळ्या झाल्या. कुणालाच कारण सापडलं नव्हतं.

डॉक्टरांच्या केबिनमधली घंटा कर्कश वाजली, मागोमाग त्यांचा आवाज. "अहो मठ्ठोबा! कॉलर घातली का त्याला? का तेही मीच करू?"

कॉलर म्हणजे गळ्यातली प्लास्टिकची चकती. घातली की चोच अंगापर्यंत पोचत नाही. पिसं येतात, गिऱ्हाईक खूश होतं. आतल्या जिवाचं काय होतं ते कुणी बघत नाही. अठ्ठावीस वर्षांत त्याने शेकड्यांनी घातल्या होत्या, "हो साहेब" म्हणत.

त्याने टॉवेलमध्ये पोपट धरला. तळव्याला काळीज लागलं, फडफडणारं.

त्याने पोपट परत पिंजऱ्यात ठेवला.

"कॉलर संपल्यात, साहेब!"

गृहस्थाने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला दहा-बारा चकत्या लटकत होत्या. "मग त्या काय?"

"त्या? त्या माणसांच्या मापाच्या."

पिंजऱ्यावरची चादर सोडवून कंपाउंडरने तिची घडी केली आणि खणात टाकली. घंटा पुन्हा वाजली, या वेळी थांबेचना. त्याची बोटं सवयीने उजव्या भुवईकडे गेली.

पोपट मान वाकडी करून एका डोळ्याने बघत होता.

कंपाउंडरने तो हात खिशात घातला आणि केबिनचं दार ढकललं.