मी, सिंधुबाईंच्या बाल्कनीतली झारी

मी झारी बोलतेय. पत्र्याची, जाड कडांची, तोंडावर बारीक भोकांचा फवारा असलेली. हल्ली दुकानात हिरव्या-गुलाबी प्लास्टिकच्या झाऱ्या टांगलेल्या दिसतात, त्या माझ्या कोणी लागत नाहीत. दोन उन्हाळे खाल्ले की त्यांना तडा जातो. मी मात्र किती उन्हाळे पाहिले ते आता मोजत नाही.

माझा जन्म जुन्या नाशकात, भद्रकालीतल्या एका पत्रेकामाच्या दुकानात झाला. मला घडवणारा माणूस फारसं बोलायचा नाही. त्यानं पत्रा कापला, गोल वाकवला, बुडाला डाख देऊन सांधा पक्का केला आणि फवाऱ्याच्या चकतीला खिळ्यानं एकेक भोक पाडलं. मग पाणी भरून दुकानासमोरच्या धुळीवर शिंपडून पाहिलं. सर अगदी सारखी पडली. तो नुसता "हं" म्हणाला, पण मला कळलं की मी जमून आलेय. तेव्हापासून मला माझ्या सरीचा थोडा गर्व आहे, आणि तो उतरवायची माझी इच्छाही नाही.

तिथून मी त्र्यंबक रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. फार सुखाचे दिवस होते ते. सकाळ-संध्याकाळ रोपांच्या रांगांमधून फिरायचं, कोवळ्या पानांवर हळूच सर धरायची आणि पुन्हा हौदात बुडी मारायची. माणूस कसा आहे ते मला त्याच्या हातावरून कळायला लागलं. घाईचा माणूस मला कानाला धरून ओढल्यासारखा उचलतो. प्रेमळ माणूस मला काठोकाठ भरतो आणि स्वतःच्या पायांवर अर्धं पाणी सांडतो.

मग नर्सरीत पाइप आला. आता पाइपाविषयी मी काय बोलावं? त्याला ना पोट, ना अंदाज. नळ सोडला की सुटला. पण माणसांना तो आवडला आणि मी शेडच्या मागे फुटक्या कुंड्यांमध्ये जाऊन पडले. माझ्यात पालापाचोळा साठला, बूड गंजलं, एका कोळ्यानं तर फवाऱ्यावर संसारच मांडला. कोणी मला बोलावत नाही याचं मला फार वाईट वाटायचं. ते लपवून काय करू?

तिथून मला उचललं निवृत्तीनानांनी. नाना मूळचे चांदवडकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. पोस्टातली नोकरी संपल्यावर ते नाशकात आमच्या कॉलनीत राहायला आले, आणि रिकामं बसवेना म्हणून कॉलनीच्या ओपन स्पेसवर बागकामाचा वर्ग सुरू केला. माघ लागला की दर रविवारी सकाळी हा वर्ग भरायचा, तो चैत्र संपेपर्यंत. त्यांनी माझ्या बुडाला नवा डाख लावून घेतला आणि मला वर्गात आणून बाकावर बसवलं. मला एकदम शाळेतल्या मॉनिटरसारखं वाटलं.

वर्गाला पंचवीस-तीस माणसं यायची. कोणी द्राक्षांच्या रिकाम्या कॅरेटमध्ये गोणपाट अंथरून मेथी लावायचं, कोणी गच्चीवर टोमॅटो. लताबाई नावाच्या एक बाई गाळलेली चहापत्ती साखरेसकट कुंडीत टाकायच्या आणि मुंग्या का येतात ते दर आठवड्याला विचारायच्या. नाना न चिडता सांगायचे, आधी धुवा, मग वाळवा, मग टाका. कुंडीच्या तळाला भोक हवं, वर वाळक्या पानांचं पांघरूण हवं, आणि झारी उचलण्याआधी मातीत बोट घालून बघायला हवं. बोटाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची. हे शेवटचं वाक्य मला सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं.

त्या वर्गात एका रविवारी सिंधुबाई आल्या. आल्या म्हणजे त्यांच्या सुनेनं, हर्षालीनं, त्यांना जवळजवळ हाताला धरून आणलं.

सिंधुबाई इगतपुरीजवळच्या एका खेड्यातल्या. जन्म भाताच्या खाचरात गेलेला. मालक रेल्वेत होते, ते वारले, आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलगा योगेश त्यांना दिवाळीत नाशकाला घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना करायला काही उरलं नाही. योगेश अंबडच्या कंपनीत, हर्षाली दवाखान्यात रिसेप्शनला. दिवसभर घरात त्या आणि बाल्कनीतल्या कुंड्या. त्यांनी तुळस लावली, ती कुजली. गुलाब लावला, तोही गेला. कोथिंबीर वर आली आणि आडवी झाली. आयुष्यभर पिकं काढलेल्या बाईच्या हातून कुंडीतली कोथिंबीरसुद्धा जगेना, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. हे शहर आपल्याला घेत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. घरात सांगून टाकलं की आणखी एक झाड लावून बघते, तेही मेलं तर गावी जाते. गावातल्या घराला कुलूप होतं आणि शेजारपाजार पांगलेला, पण एकदा मनात घेतलं की त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

हे सगळं हर्षालीनं नानांना बाजूला घेऊन सांगितलं. मी बाकावरच होते, म्हणून ऐकलं.

नानांनी सिंधुबाईंना एक मोगरा दिला. घरात झारी नाही म्हटल्यावर मलाही दिलं. आणि देताना सांगितलं की मोगरा फुलवायचा तर आता त्याला ताण द्यायचा. काही दिवस पाणी पूर्ण तोडायचं, पानं सुकू द्यायची, मग छाटणी करून खत-पाणी करायचं. झाडाला जरा धाक बसला की ते फुलावर येतं.

सिंधुबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या घरी दारात आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या, मग नाव-गाव. "तहानलेल्याला पाणी नाय द्यायचं, हे कसलं वो शिकवणं?" त्या म्हणाल्या. नाना हसले आणि म्हणाले की आमच्याकडे कांदा काढायच्या आधी असंच पाणी तोडतात. त्यावर त्या पुटपुटल्या, चांदवडच्या माणसाला पाण्याचं काय ठाऊक. तरी शब्द दिला.

आणि त्यांनी तो पाळला, हे मी सांगते. घरी आल्यावर त्यांनी मला बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि हात लावला नाही. सकाळी यायच्या, मोगऱ्याकडे बघायच्या, "थांब रं बाळा" म्हणायच्या आणि आत जायच्या. किती अवघड जात होतं त्यांना! एकदा तर हात माझ्या दांड्यापर्यंत आला आणि पदराला पुसून मागे गेला.

पण मी रिकामी नव्हते. सिंधुबाई पहाटे अंघोळीला गेल्या की योगेश पहिल्या शिफ्टचा युनिफॉर्म घालून, पाय न वाजवता बाल्कनीत यायचा. मला भरायचा, मोगऱ्याला पाजायचा आणि पळायचा. संध्याकाळी सिंधुबाई खाली देवळात गेल्या की हर्षाली यायची. पर्स खांद्यालाच. ती कुंडीकडे बघून हळहळायची, मला भरायची आणि पुन्हा पाजायची. कुंडीवर वाळक्या पानांचं पांघरूण होतं, म्हणून ओल वरून दिसायची नाही. योगेशला हर्षालीचं माहीत नव्हतं आणि हर्षालीला योगेशचं. दोघांनाही नानांचा ताण समजत होता, पण त्याहून जास्त एक भीती समजत होती. हे झाड वाळलं तर आई जाईल.

मी काय करणार? मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. आधी मला बरं वाटलं, एवढे लाड नर्सरीतही झाले नव्हते. पण थोड्याच दिवसांत मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली, आणि तो माझ्याकडे बघतोय असं मला वाटायचं.

रविवारी सिंधुबाई दोन पानं रुमालात बांधून वर्गाला गेल्या. वर्गातल्या रोपांसाठी मीही बरोबर होते, पिशवीत. नानांनी पानं चुरगळून पाहिली.

"ताई, तहानेनं वाळलेलं पान कुरकुरीत होतं. हे मऊ आहे. तुम्ही पाणी घालताय."

"मी झारीला हातबी लावला नाय."

"सगळे असंच म्हणतात," नाना म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

नानांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. पण सिंधुबाईंचा चेहरा उतरला. एक तर झाड चाललं होतं, वर चारचौघांत खोटं ठरवलं गेलं. त्या तडक उठून घरी आल्या. योगेशची त्या दिवशी जादा ड्यूटी होती, हर्षाली बाजारात गेली होती. मला बाल्कनीत टेकवून सिंधुबाईंनी बॅग काढली आणि लुगडी घड्या करून भरायला लागल्या. हर्षाली परत आली आणि बाजाराची पिशवी हातात घेऊन दारातच थबकली. सिंधुबाई फक्त म्हणाल्या, उद्याच्या गाडीनं जाते. मग त्या पलंगावर जरा पडल्या. आणि वेड्या पोरीनं तेवढ्यात येऊन मला पुन्हा भरलं, घाईघाईत अर्धं मोगऱ्याला घातलं, चाहूल लागताच मला तशीच ठेवून आत पळाली.

संध्याकाळी सिंधुबाई मला नानांकडे परत द्यायला म्हणून बाल्कनीत आल्या. त्यांनी मला उचललं आणि माझ्या पोटात पाणी डचमळलं.

त्या थांबल्या. मला हलवून पाहिलं. कुंडीत बोट घातलं, ते चिखलात गेलं. मग मला घेऊन हॉलमध्ये आल्या आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून खुर्चीवर बसल्या.

योगेश कामावरून आला. हर्षालीलाही त्यांनी समोर बसवलं.

"झारीत पाणी कोणी भरलं?"

दोघांनी एकदमच मान खाली घातली. मग एकमेकांकडे बघितलं. तू पण, असं दोघांच्याही तोंडावर आलं. योगेशनं पहाटेचं सांगितलं, हर्षालीनं संध्याकाळचं. हर्षालीला तर सांगताना रडूच आलं.

"तो वाळला असता तर तू गेली असतीस," योगेश म्हणाला.

सिंधुबाईंनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. मला वाटलं रागावतील. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आरं, मग मला म्हणायचं ना, आई राहा. झाडाला कशापायी पाजलं?"

योगेशला ते म्हणायला किती वेळ लागला म्हणून सांगू! मोठ्या माणसाला इतका साधा शब्द जड जातो हे मी तेव्हा पाहिलं. शेवटी म्हणाला, "आई, राहा ना." आणि हर्षाली म्हणाली, "तुम्ही नसलात की घरी यावंसंच वाटणार नाही मला."

"बरं," सिंधुबाई म्हणाल्या, "या मोगऱ्याला फूल येईस्तोवर राहते. म्होरचं म्होरं." मग हर्षालीला डोळे पुसायला लावून त्या पिठलं टाकायला उठल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच सगळी हकिगत वर्गाला सांगितली. लोक पोट धरून हसले. नाना मात्र उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता." मग त्यांनी मोगरा कुंडीतून काढला, सडकी मुळं कापली, कोरड्या मातीत पुन्हा लावला आणि वरून चांगला छाटला. एवढासा खुंट उरला. सिंधुबाईंनी जाता जाता त्यांना सांगितलं की बाकाशेजारचा तुमचा कढीपत्ता तहानलाय, त्याचा ताण आता पुरे. नानांनी कढीपत्त्याच्या मातीत बोट घातलं आणि थेट नळाकडे गेले.

पाडवा झाला. ऊन चढलं. खुंटावर पोपटी पानं फुटली. एका सकाळी पानाआड मला एक कळी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. योगेशनंही ती पाहिली आणि बोलला नाही. हर्षालीनं पाहिली, तीही बोलली नाही. उलट तिनं वरचं पान हळूच कळीवर ओढून ठेवलं. फूल यायलाच हवं होतं आणि फूल यायला नको होतं, अशी त्या घराची गत झाली होती. खरं सांगते, माझीही तीच होती.

पण मोगरा काही कोणाचं ऐकून थांबत नाही. रामनवमीच्या पुढच्या आठवड्यात तो उमलला. सकाळी सगळी बाल्कनी दरवळली. सिंधुबाईंनी फूल खुडलं आणि हर्षालीच्या वेणीत खोचलं. योगेश दारात उभा होता. सिंधुबाईंची बॅग अजून कपाटावर होती, आणि दोघांची नजर तिकडे जाऊन जाऊन परत येत होती.

तेव्हा सिंधुबाई खाली वाकल्या आणि वॉशिंग मशीनच्या मागून एक ट्रे ओढून बाहेर काढला. दह्याचे रिकामे डबे, प्रत्येकात ओली माती, आणि प्रत्येकात छाटणीच्या दिवशी उचलून आणलेली मोगऱ्याची एकेक काडी. काहींना डोळे, म्हणजे इवले कोंब, फुटले होते. "ही बारकी हायेत अजून," त्या म्हणाल्या. "ह्यांना फूल येईस्तोवर कसं जायाचं?"

हर्षाली त्यांच्या गळ्यातच पडली. योगेशनं कंपनीत फोन करून आज उशिरा येतो म्हणून सांगितलं.

आता मी त्याच बाल्कनीत असते. माझा पत्रा जुना झालाय, फवाऱ्याची दोन भोकं बुजलीत, बुडाचा डाख पुन्हा कधी सुटेल सांगता येत नाही. तोवर माझी एवढीच विनंती आहे. झाडाला पाणी घालायचं असेल तर आधी मातीत बोट घाला. आणि घरातल्या माणसाला राहा म्हणायचं असेल तर मला उचलू नका. मी पत्र्याची आहे, मला ते म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.